गाडीघराची किल्ली

मोबाइल ठेवा रे खाली, आणि मध्ये हसायचं नाही. ही आमच्या इनासची गोष्ट आहे. दातिवऱ्याच्या अलीकडच्या एका गावात तो चर्चची राखण करायचा. चर्चच्या आवारात, कबरींना लागून, एक जुनं दगडी गाडीघर आहे. आत मयत न्यायची लाकडी हातगाडी. किल्ली एकच, आणि ती कायम इनासच्या गळ्यात.

ते गाडीघर तीस वर्षं झाडलं कमळीने. पाड्यावरची बाई, बाप्तिस्मा घेतलेली. दर शनिवारी चाकांना खोबरेल लावायची आणि म्हणायची, "इनासभाव, एक दिस मी पन हिच्यातून जाईन हां!" इनास मान डोलवायचा. ऑगस्टात ती गेली. तिचा मुलगा चिंतू गाडी मागायला आला, तर इनास म्हणाला, "चाक मोडलाय रे."

साफ खोटं! मोठ्या घरांची मयतं नेणाऱ्या गाडीत पाड्यावरची बाई घातली तर लोक बोलतील, ही त्याची भीती. चिंतूने आईला भर पावसात बाजेवरून नेलं. दुसऱ्याच आठवड्यात एका बागायतदारासाठी तीच गाडी निघाली. चिंतू रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होता. थू असल्या माणुसकीवर!

सोळा नोव्हेंबर, शनिवार. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मयत न्यायचं होतं, आणि कमळी गेल्यापासून चाकं कुरकुरत होती. म्हणून रात्री पावणेबाराला इनास तेलाची बाटली घेऊन निघाला. कुलपात किल्ली घातली आणि त्याचा हात थांबला. आत कोणीतरी झाडत होतं.

खर्र... खर्र...

त्याने दार ढकललं. कोणी नाही. जमीन लख्ख. चाकांवरून तेल ठिबकत होतं. त्याची बाटली अजून भरलेलीच होती.

मेल्यावरही राबतेय ही बाई... इनासने बाटली खाली ठेवली.

"कमळे," तो कसाबसा बोलला, "चुकलो गं. बस गाडीत. मी ओढतो."

...

"बस ना गं."

त्याने दांडा ओढला. गाडी हलकी. रिकामी. मागे कोपऱ्यात पुन्हा सुरू झालं.

खर्र...

त्यानंतर दर शनिवारी तेच. इनासने अंथरूण धरलं. फेब्रुवारीत, जायच्या आदल्या दिवशी बायकोला म्हणाला, "मला गाडीत घालू नको. बाजेवरून न्या. आन् किल्ली गळ्यातच राहू दे." तसंच पुरलं त्याला, किल्लीसकट.

आठवड्याने दुसऱ्या एका मयतासाठी गाडी लागली. दुसरी किल्ली नव्हती, म्हणून कुलूप फोडायला चिंतूला बोलावलं. त्याने चार घाव घातले, दार उघडलं. गाडी आपल्या जागेवर होती. बाहेर रणरणतं ऊन, पावसाचा थेंब नाही. आणि चाकांना कबरींकडची तांबडी माती लागलेली. ओली.

चिंतूने चाकाला हात लावला. "आई बसली," म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडला. मग त्याची नजर दांड्याकडे गेली.

"पन... ओढली कोनी?"