बाराच्या घंटेनंतर

"आंब्रुश बाची, दुपारचे बारा वाजत आले की तुम्ही सगळ्यांना इथून का हाकलता?"

हा प्रश्न विचारायची पैज माझ्या मैत्रिणीने, बोरोकाने लावली होती. "विचारलंस तर गरम तळलेला लांगोश-पाव माझ्याकडून. वर चीज घालून!"

गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी द्यायलाही माझा आवाज फुटत नसे. पण आता मी ती घाबरट चेंगे राहिले नव्हते. विचारलाच!

पुढचं सगळं खरं आहे. आमच्या सारोशकुटच्या नगरभवनात, जुलैच्या भर उन्हात घडलंय. रात्र नव्हती, अंधार नव्हता. म्हणूनच जास्त भीती वाटते.

तिथल्या मोठ्या दालनात नांदोरफेहेरवारच्या लढाईचं भिंतभर चित्र आहे. साडेपाचशे वर्षांपूर्वी आम्ही तुर्कांना हरवलं, ती लढाई. किल्ल्याच्या तटावर माझ्याच वयाची एक मुलगी आहे. हातात पाण्याची बादली, तोंड उघडं. ती 'विजय!' ओरडतेय, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. त्या विजयासाठीच तर रोज बाराला देशभर चर्चच्या घंटा वाजतात!

यंदा बावीस जुलैला, विजयदिनाच्या सोहळ्यात ती मुलगी मी होणार होते. पहिल्यांदाच थेट चित्रासमोर, बाराच्या घंटेला, 'विजय!' ओरडणार होते. आई पोशाख शिवत होती. बाबांनी अख्ख्या कारखान्याला आमंत्रण देऊन टाकलं होतं.

आंब्रुश बाची, म्हणजे आंब्रुश काका, हे नगरभवनाचे म्हातारे रखवालदार. ते म्हणाले, "बाराला मी चरबी-कांद्याचा पाव खातो. तुम्ही पोरी टकामका बघत बसलात तर घास उतरत नाही. चला, निघा!"

बोरोका फिसकन हसली आणि बाहेर पळाली.

मी मात्र खिडकीच्या पडद्यामागे सरकले. पैज जिंकल्याची नशा होती ना!

दार लागलं. कुलूप फिरलं.

घंटा सुरू झाली.

आधी काहीच वाटलं नाही. मग लक्षात आलं... कबुतरं घुमत नव्हती. चौकातल्या गाड्या ऐकू येत नव्हत्या. फक्त घंटा.

मग तीही थांबली.

आणि चित्राच्या बाजूने... घसा बसलेल्या मुलीचा आवाज आला.

"आले का?"

बोरोकाच! दुसरं कोण? "गप गं, बावळट!" मी कुजबुजले.

पण खिडकीतून बोरोका दिसत होती... चौकातल्या पायरीवर, लांगोश खाताना.

मी वळून चित्राकडे पाहिलं.

चित्रात काही हललं नव्हतं. तीच मुलगी. तेच उघडं तोंड. फक्त एक लांब श्वास ऐकू आला... आणि भरलेली बादली जमिनीवर ठेवल्याचा आवाज.

कुलूप उघडलं. बाची आत आले. मला पाहूनही ओरडले नाहीत. चित्राखालच्या लाकडी जमिनीवर पाण्याचं गोल वळं उमटलं होतं. ते वाकून पुसायला लागले.

फडकं त्यांच्या हातात आधीपासूनच होतं.

"रोज?" मी कसंबसं विचारलं.

"नोकरीला लागल्यापासून. म्हणे विजयाची घंटा! लढाई जुंपायच्या आधीच सुरू झाली ती, पोरी. वेढ्यातल्यांसाठी प्रार्थना करा, त्यांना मदत पोचू दे, म्हणून." त्यांनी वर पाहिलं. "तू तिला काही बोललीस?"

"...गप म्हणाले."

बाचींचा हात जागच्या जागी राहिला.

"मी इतक्या वर्षांत तेवढंही बोललो नाही," ते म्हणाले.

काल बाराला मी घरीच होते. घंटा वाजली. थांबली. मी कान दाबून बसले...

कुणीच काही विचारलं नाही.

मी गप म्हटलं होतं ना.

पण हँगरवर लटकवलेल्या माझ्या पोशाखाखाली, फरशीवर... पाण्याचं गोल वळं होतं.

संध्याकाळी आई पोशाखाची शेवटची गुंडी लावत होती. बाबा म्हणाले, "चेंगे, एकदा दणदणीत ओरडून दाखव बघू! अख्खा कारखाना येतोय. आपला इतिहास आहे, बेटा, छाती फुगली पाहिजे लोकांची!"

मी उभी राहिले.  उत्तर मिळाल्यावर ती चित्रातली मुलगी पुढे काय विचारेल, मला माहीत नाही.

"आई, बाबा, मी तिथे उभी राहणार आहे. पण 'विजय' ओरडणार नाही. घंटा थांबली की चित्राकडे तोंड करून एवढंच म्हणणार... 'आम्ही आलो.'"