एकदाव दखाड

त्या दिवशी तोताराम यावलच्या बाजारात गेला, तो एक गंगाफळ आणायला. पुण्यामुंबईकडे लाल भोपळा म्हणतात, तेच. पुतणीनं बजावून सांगितलं होतं. मोठं आणा, गोल आणा, देठासकट आणा.

तोताराम कोण, ते आधी सांगतो. आणि ते मोबाइल खाली ठेवा. तोंडावर उजेड पडलेला असला की माणसाला गोष्ट ऐकू येत नाही.

फैजपूर-यावल रस्त्याच्या आत एक गाव आहे. नाव विचारू नका, तुमच्यातल्या कोणाची तरी सोयरीक निघेल तिथं. तोताराम तिथला. केळीच्या गाड्या भरणाऱ्या टोळीचा मुकादम. दारू नाही, तंबाखू नाही, बडबड नाही. अशा माणसानं सांगितलं म्हणून ऐकून घेतलं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी उठून गेलो असतो.

साल दोन हजार चोवीस. ऑक्टोबरची एकतीस तारीख, गुरुवार. त्या वर्षी दिवाळीचा घोळ झाला होता, आठवत असेल. सकाळी नरकचतुर्दशीची आंघोळ, दुपार कलली तशी आवस लागली, आणि लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी. म्हणजे ती रात्र धड दिवाळीची नाही. आवसेची मात्र पुरी.

तोतारामच्या घरी दिवाळी नव्हतीच. त्याची बायको सुलक्षणा चैत्रात वारली होती. वर्ष झालं नव्हतं. दारात कंदील नाही, रांगोळी नाही, चुलीवर कढई नाही. शेजारीपाजारी फराळाचं ताट आणून देतील तेवढंच.

सुलक्षणा शिरपूरकडची, धुळे जिल्ह्यातली. बोलणं तिकडचंच. 'आहे' म्हणायचं तर 'शे', 'सगळं' म्हणायचं तर 'बठ्ठं'. गावातल्या बायका तिची नक्कल करायच्या. ती हसायची, पण बोलणं बदललं नाही. डावरी होती. करंजी करायला बसली की मुरड उलटी पडायची. तिची जाऊ भिकुबाई चिडवायची, "तुही करंजी हजारात ओयखू येते, सुलक्षणा." मूल झालं नाही तिला. जावेचा धाकटा, समाधान, तिनंच वाढवला. तिच्या हातानं जेवायचा, तिच्या कुशीत झोपायचा.

शेवटचे दिवस ती जळगावला दवाखान्यात होती. मागणं एकच. "समाले एकदाव दखाड." दखाड म्हणजे दाखव. समाधानला एकदा दाखव, एवढंच. घरचे म्हणाले, पोराला नेऊ नका. जीव अडकलाय तिचा त्याच्यात, सोबत घेऊन जाईल. तोताराम मधल्या मधे सापडला. रोज सांगायचा, उद्या आणतो. ती मान हलवायची. एके सकाळी असंच उद्याचं सांगून तो चहाला खाली उतरला. परत वर आला तेव्हा संपलं होतं. डोळे उघडे होते. दाराकडे.

सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं नेसवलं, हिरवा चुडा भरला, आणि नेली.

पण पुढच्या आवसेला समाधानला ताप भरला. त्याच्या पुढच्या आवसेलाही. मग दर आवसेला. दिवे लागले की चढायचा, पहाटे उतरायचा. डॉक्टर करून झाले, भगत करून झाले. भगतानं एवढंच सांगितलं, वर्ष होईस्तोवर दारात दिवा लावू नका, तिला वाट सापडेल. पोरगं आवसेगणिक वाळत चाललं होतं. भिकुबाई कॅलेंडरवरचा काळा गोळा बघितला तरी पान उलटून टाकायची.

आता ही पुतणी. दिपमाला, समाधानची थोरली बहीण. पुण्याला नर्सिंग शिकते. सुटीत घरी आली. घराची कळा बघितली, भावाचं तोंड बघितलं. म्हणाली, "आई, दिवाळी करायची नाही ना? नको. आपण हॅलोविन करू."

"ते काय अस्ते?"

"गोऱ्या लोकांचा सण. आपला नाहीच, त्यामुळे आपल्या सुतकात बसत नाही."

"अन् कढई?"

"तळायचं काहीच नाही त्यात."

"दिवा?"

"तो भोपळ्याच्या पोटात असतो. दारात कुठे लावतोय आपण?"

असा कायदा काढला तिनं. भिकुबाईनं मान डोलावली. पोरगं कितीतरी दिवसांनी हसत होतं.

घरभर पसारा झाला. वाफ्यांवर अंथरतात त्या मल्चिंगचा उरलेला काळा कागद कापून वटवाघळं केली. नवा कापूस ताणून खिडकीत कोळ्याची जाळी. केळी मधोमध कापून ताटात उभी केली, लवंगांचे डोळे लावले, झाली भुतं. बेकरीच्या भट्टीतून नानखटाई भाजून आणली, बोटाच्या आकाराची, टोकाला बदामाचं नख. आणि पोरांसाठी पोशाख. केळीच्या घडावर चढवतात ना, त्या लांब पांढऱ्या पिशव्या. डोळ्यांपुरती दोन भोकं पाडायची, डोक्यावरून घालायची. गल्लीतलं प्रत्येक पोरगं सारखंच दिसायला लागलं. आई लेकराला ओळखेना.

तोतारामनं गंगाफळ ओट्यावर ठेवलं. दिपमालानं सुरी उचलली तशी भिकुबाई ओरडली, "थांब! आख्खं गंगाफय बाईनं नाही कापू. पयला घाव माणसाचा लागते. भाऊजी, तुम्ही घाला."

तोतारामनं विळा घातला. मग दिपमालानं गर काढला, डोळे कोरले, दातांची रांग कोरली.

"कसं दिसतंय, काका?"

"सरपंचासारखं."

सगळी हसली. तोतारामही हसला. मग त्यानं सहज विचारलं, "पन हा सण हाये कायचा, दिपा?"

"त्या रात्री मेलेली माणसं आपापल्या घरी येतात म्हणे. त्यांना वाट दिसावी म्हणून हा दिवा. आणि त्यांच्यासाठी खायला काहीतरी दारात..."

ती मधेच थांबली.

भिकुबाईच्या हातातला बदाम खाली पडला. तो कोणी उचलला नाही.

"राहू दे," तोताराम म्हणाला. "नको लावू."

तेवढ्यात समाधान पिशवी घालून आला. "काका, भ्या मले! मी भूत!" भिकुबाईनं पिशवी वर करून त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. आवस लागली होती, दिवे लागायची वेळ झाली होती, तरी गार. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लाव," ती लेकीला म्हणाली. "हसते हाये, हसू दे त्याले."

अंधार पडला. गंगाफळात पणती ठेवली. ओट्यावर बसून ते रस्त्याकडे बघत दात दाखवायला लागलं.

पोरांना गल्लीत फिरवायचं काम तोतारामवर आलं. दारोदार जायचं, कडी वाजवायची आणि ओरडायचं, "गोड द्या, नाहीतर खोड!" दिपमालानंच शिकवलं होतं. दिवाळीचेच दिवस, फराळ घरोघरी होता. बाया हसून शंकरपाळे द्यायच्या, लाडू द्यायच्या. धनसिंगआबा तेवढे दारात आडवे आले. "खोड तर तुमची जन्माची हाये रे. गोड कायले देऊ?" आणि मूठभर चिवडा दिला.

तिथून निघाले, तेव्हा एक पोरगी कुरकुरली. "काका, माही पिशवी मांगून कोन वर करते?"

"करत असन कोनी. चला."

पुढच्या दारात दुसरा बोलला. "काका, हा बघा ना. माही पिशवी वर करून तोंड पायते."

"कोन?"

पोरानं मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं.

तोतारामनं मोठ्या पोरांना दम दिला. चाळे बंद करा म्हणाला. ती शपथा घ्यायला लागली. मग तो सगळ्यांच्या मागून चालायला लागला. म्हणजे आता मागून कोणी खोड्या काढणार नाही.

चार पावलं गेला असेल. त्याच्या समोर, सगळ्यांत शेवटी चाललेल्या पोराची पिशवी उचलली गेली. वारा नव्हता. कडेला धरून उचलावी तशी, कपाळापर्यंत. क्षणभर थांबली. मग सोडून दिली.

तो धनसिंगआबांचा नातू होता. समाधान नव्हता.

मग त्याच्या पुढचं पोरगं. मग त्याच्या पुढचं.

एकेकाचं तोंड बघत होतं कोणीतरी. बघून सोडत होतं. शोधत होतं.

तोतारामनं पुढं धावत जाऊन आवाज दिला, "समा!" घोळक्यातून एक पिशवी वळली. त्यानं समाधानचा हात घट्ट धरला.

आणि लाइट गेली.

आख्ख्या गावाची. कंदील, माळा, सगळं एकदम; पणत्या आधीच विझल्या होत्या. गल्लीच्या टोकाला तेवढा एकच उजेड राहिला. गंगाफळाचा. पोरं किंचाळत त्या उजेडाकडे पळाली. पायांचे आवाज लांब गेले. मागं उरली गल्लीला लागलेली केळीची बाग, रस्ता, आणि ही दोघं.

"चाल," तोताराम म्हणाला.

समाधान चालेना.

"चाल ना रे बाबा."

"थांबा ना काका. हात ओढू नका."

"मी कुठी ओढतो?"

"हा नाही. तो."

तोतारामनं मोबाइलची बॅटरी लावली. उजेडात समाधानची पांढरी पिशवी दिसली. पिशवीतून बाहेर आलेला एक हात त्याच्या हातात. दुसरा... दुसरा हात वर उचललेला. मोठ्या माणसानं बोट धरून चालवलं की लेकराचा हात जसा वर जातो, तसा. धरणारं कोणी नाही.

"तो हात कोनी धरला, समा?"

"काकीनं."

...

बांगड्या वाजल्या. काचेच्या. अगदी जवळ.

तोतारामनं पोराला आपल्याकडे ओढलं. पोरगं इंचभर हललं नाही. त्यानं पुन्हा ओढलं, सगळा जोर लावून. घड भरलेली गाडी ढकलणारा माणूस तो. समाधान कळवळला. आणि त्याचा हात तापायला लागला. तोतारामच्या मुठीतच. गरम. आणखी गरम. तव्यासारखा.

आवसेचा ताप.

तोतारामला हनुमानाचं नाव आठवेना.

मग त्याला ऐकू आलं. कानाशी नाही, वरून नाही. समोरून, माणूस बोलतो तसं. दमलेल्या माणसाचा आवाज.

"दखाड."

त्या गावात हा शब्द बोलणारं एकच माणूस होतं.

तोताराम तिथंच थांबला. ओढायचं थांबला. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा तो जमिनीकडे बघत होता. म्हणाला, "भाऊ, मंग मले उमगलं. न्यायले नव्हती आली. तोंड झाकेल होतं पोराचं. तिले दिसत नव्हतं."

त्यानं समाधानचा हात सोडला.

नीट ऐका. सोडला. एका बाजूला ती, मधे पोरगं, आणि यानं हात सोडला. दोन्ही हातांनी पिशवीची कड धरली आणि वर उचलली. डोक्यावरून काढली. खाली टाकली. बॅटरी पोराच्या तोंडावर धरली.

"आनला," तो म्हणाला. "हा पाह्य. आनला मी."

काही नाही.

बाग गप्प. कुत्रं नाही. पान हलत नाही.

समाधान वर बघत होता. कोणाच्या तरी तोंडाकडे. मग हसला.

किती वेळ गेला, तोतारामला सांगता येत नाही. पोराचा उचललेला हात हळूहळू खाली आला. मायेनं सोडलेला हात येतो तसा. बांगड्या वाजल्या. एकदा. लांब. बागेत.

लाइट आली.

तोतारामनं पोराला उचललं आणि घराकडे पळाला. कपाळ गार होतं. ओट्यावरच्या गंगाफळातली पणती विझली होती. तेल भरलेलं होतं, वात कोरडी नव्हती. तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. भिकुबाईनं लेकराला छातीशी धरलं. त्या रात्री ताप आला नाही. पुढच्या आवसेला आला नाही. आजवर आला नाही. पोरगं आता चांगलं घोड्यासारखं उधळतं.

पण त्या रात्री पोराला आत नेऊन झोपवलं, तेव्हा त्याची एक मूठ झाकलेली होती. ज्या हाताला तिनं धरलं होतं, त्या हाताची. दिपमालानं बोटं सोडवली. आत एक करंजी.

"देली असन कोनी गल्लीत," भिकुबाई म्हणाली. "फराळाचे दिस."

तिनं ती हातात घेतली. आणि टाकून दिली, एवढा चटका बसला. नुकती कढईतून काढल्यासारखी.

घरातली कढई चैत्रापासून पालथी होती.

तोतारामनं खाली वाकून करंजी उचलली. दिव्याखाली नेली. बराच वेळ बघत राहिला.

मुरड उलटी होती.