मध्यहस्त

न्यायाधिकरणाच्या दालनात, भिंतीवरच्या पडद्यावर एक हात दिसत होता. रबरी हातमोजा घातलेला, न थरथरणारा, कोणाचाच नसलेला. त्या हाताने एका बेशुद्ध माणसाच्या घशात श्वासाची नळी घालून पाहिली. ती गेली नाही. पुन्हा घालून पाहिली, तरी नाही. असं पाच वेळा झाल्यावर त्याने चाकू उचलला आणि गळ्याला बाहेरून छेद देऊन हवेची वाट केली.

"आणि आपण?" अध्यक्षाबाईंनी विचारलं.

"दोनदा नळी घालून पाहिली," एस्तेर उजागरे म्हणाली. "मग गळा चिरला."

"म्हणजे आपण घाई केलीत, हे आपल्याला मान्य आहे?"

"पडद्यावरचा माणूस जगला का, ते आधी सांगा."

"तो प्रश्न इथे गैरलागू आहे."

एस्तेरच्या डोक्यात तिडीक गेली. समोरच्या बाकावर तिचा रुग्ण जिताजागता बसला होता, गळ्याला मफलर गुंडाळून, आणि इथे चर्चा चालली होती ती जगात नसलेल्या हाताची.

तालुक्याच्या रुग्णालयांत भूल देण्याचं काम आता भूल परिचारिका करत. भूलतज्ज्ञ डॉक्टर शहरात बसून एकाच वेळी आठ-आठ ऑपरेशन थिएटरांवर पडद्यातून देखरेख ठेवत. निदान कागदोपत्री तरी ठेवत. काही बिघडलं, की खटला मात्र जिचा हात रुग्णाच्या तोंडाशी असेल तिच्यावर. कायद्याची कसोटी जुनीच होती. त्या कामातल्या वाजवी कौशल्याच्या व्यक्तीने त्या प्रसंगी काय केलं असतं? पूर्वी हे ठरवायला दोन्ही बाजू आपापले तज्ज्ञ आणत, आणि ज्याच्या वकिलाची जीभ तिखट, त्याचा तज्ज्ञ खरा ठरे. मग डॉ. निरंजन टिपणीस या संख्याशास्त्रज्ञाने मध्यहस्त बनवला.

कल्पना सोपी होती. थिएटरातले कॅमेरे परिचारिकांची हालचाल न् हालचाल टिपतच होते. एखाद्या प्रसंगात राज्यभरच्या परिचारिकांनी जे केलं, ते सगळं एका रांगेत लावायचं. सर्वांत कमी प्रयत्न करून चाकू उचलणारी एका टोकाला, सर्वांत जास्त करणारी दुसऱ्या टोकाला. रांगेत बरोबर मधोमध जी येईल, तिच्याप्रमाणे वागणारा, संगणकाने पडद्यावर रचलेला हात म्हणजे वाजवी हात. दर वर्षी नव्या नोंदी घालून तो ताजा करायचा. त्याच्या आधी चाकू उचलला तर निष्काळजीपणा. जास्त वेळा नळी घालून पाहिली तर कोणी विचारत नसे, कारण प्रयत्न करणं हा कुठल्याच कायद्यात गुन्हा नव्हता.

रुग्ण दगावला म्हणून परिचारिकेला फासावर चढवू नका, तिने काय केलं ते बघा, अशा घोषणा एस्तेरने स्वतः मोर्चात दिल्या होत्या. मध्यहस्त लागू झाला, तेव्हा तिने ड्यूटीरूममध्ये जिलेबी वाटली होती. आता त्याच जिलेबीने तिचा परवाना धोक्यात आणला होता. परवाना गेला तर भूल देणं कायमचं बंद, आणि तेवढं एकच काम तिला मनापासून आवडत होतं.

दालनाबाहेर टिपणीस चहाचा कप धरून उभे दिसले, तशी ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"सर, हा पाच आकडा आणला कुठून?"

"तुमच्याकडूनच. मी मनचं काही घातलेलं नाही."

"पहिल्या वर्षी तो दोन होता."

"होता. मग तीन झाला, मग चार."

"माणसांचे घसे बदलले का मधल्या काळात?"

टिपणिसांनी कप खिडकीत ठेवला. "घसे नाही बदलले, सिस्टर. तुम्ही बदललात. मध्य दोन असताना कोणालाच दोनच्या अलीकडे सापडायचं नव्हतं. म्हणून खबरदारी म्हणून प्रत्येकीने एक जादा प्रयत्न केला. सगळ्यांनीच तीन केल्यावर रांगेतला मधला हातही तीनवर आला. मग तीन धोक्याचे वाटायला लागले."

"अहो, दर खेपेला घसा आणखी सुजतो! वरून रक्त येतं. पाचव्या खेपेला आत काही दिसत तरी का? आणि तोवर मेंदूला हवा नाही."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तिसऱ्या वर्षापासून. मी वर कळवलंही. उत्तर आलं, कायदा वर्तन मोजतो, परिणाम नाही." त्यांनी कप पुन्हा उचलला. "आणि ही मागणी तुमच्या संघटनेची होती."

ते खरं होतं, आणि याचाच एस्तेरला सगळ्यात जास्त संताप आला.

बाहेरच्या बाकावरून कोणीतरी खाकरलं. तो तिचा रुग्ण होता, दौलत गांगुर्डे. टोमॅटोच्या मार्केटात तो लिलाव पुकारायचा. शेडच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या व्यापाऱ्याला कॅरेटचा भाव ऐकवायचा. दाढ सुजून पू गळ्यापर्यंत उतरला म्हणून त्याला आणलं होतं. एस्तेरच्या चाकूने जीव राहिला आणि आवाज बसला तो बसलाच. फुसफुसणाऱ्या माणसाला लिलावात कोण उभं करणार? त्याने चिडून तक्रार केली होती, आणि त्याच्या चिडण्याला एस्तेरचा काही आक्षेप नव्हता.

"साहेब," तो घोगऱ्या कुजबुजीत म्हणाला, "ज्यांना पाच डाव नळी घातली अन् जे गेले, त्यांच्या केशी कुठं चालतात?"

"चालत नाहीत," टिपणीस म्हणाले. "ते सगळं नियमात बसतं."

"म्हंजी बोंब मारायला मी एकटाच उरलो." तो उठून एस्तेरजवळ आला. "बाई, मी घेतो माघारी."

"घेता येत नाही," टिपणीस हळूच म्हणाले. "एकदा दाखल झाली की तक्रार सरकारची होते."

"माझ्यामुळेच वाचलात असंही मी म्हणत नाही," एस्तेर त्याला म्हणाली. "तिसऱ्यांदा नळी गेलीही असती कदाचित. मग तुमचा आवाज राहिला असता. मला नाही माहीत."

"तुम्हाला नाही माहीत, मला नाही माहीत," गांगुर्डे म्हणाला, "अन् त्या हाताला बरं सगळं माहीत!"

एस्तेर दोषी ठरली. परवाना रद्द झाला नाही, निलंबित झाला. परत हवा असेल तर मध्यसराव पूर्ण करायचा, म्हणजे हात मध्यहस्तासारखा वागेपर्यंत रबरी बाहुल्यावर शिकवणी. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या प्रयत्नानंतर तिचा हात आपोआप चाकूकडे जाई आणि कर्कश भोंगा वाजे. ती बाहुल्याला, भोंग्याला आणि टिपणिसांना मनसोक्त शिव्या घाली. पाच प्रयत्न केले की हिरवा दिवा लागे. बाहुला जगला की मेला, हे दाखवायची सोय त्यात केलेली नव्हती. पुढे भोंगा कमी झाला. मग शिव्याही कमी झाल्या. कोणत्या दिवशी थांबल्या, ते तिच्या ध्यानात आलं नाही.

परवाना परत मिळाला. तोवर तिच्या खटल्याची बातमी राज्यभर पसरून सगळ्या परिचारिकांनी धसका घेतला होता. नव्या वर्षाचा मध्य जाहीर झाला: सहा.

रुजू झाल्यावर काही दिवसांतच एक बाई आली. तीच दाढ, तीच सूज. भूल चढण्याआधी तिने एस्तेरचं मनगट पकडलं आणि "सिस्टर, तुमच्या हवाली," एवढं म्हटलं. नळी गेली नाही. दुसऱ्यांदाही गेली नाही. रक्तातला प्राणवायू घटेल तसा मॉनिटरचा टुंटुं आवाज खाली खाली उतरत चालला. पडद्यातले देखरेखीचे डॉक्टर दुसऱ्याच थिएटराकडे बघत होते. टेबलाच्या पलीकडून सर्जनने चाकू उचलून तिच्यापुढे धरला.

"सिस्टर, चिरा गळा! कशाची वाट बघताय?"

एस्तेरने चाकूकडे पाहिलं. आपल्या हाताकडेही पाहिलं. तो कधीचाच नवी नळी उचलून बसला होता, आणि जराही थरथरत नव्हता.

"थांबा, डॉक्टर," ती म्हणाली. "अजून चार बाकी आहेत."