गाण्याआधीचा श्वास

मी शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेतांच्या गप्पा मला सहन होत नाहीत. तरी हे लिहितेय, कारण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. रविवार होता. दुपारचे चार. काकू जाऊन दोन महिने झाले होते.

माझ्या काकांना गाण्यापेक्षा गाणं वाजवणाऱ्या यंत्रांचं वेड. बैठकीत माणसांना टेकायला जागा नाही, स्पीकर मात्र ऐसपैस. सतत नवा अ‍ॅम्प्लिफायर, नव्या वायरी. आणि नवं काही आलं की ते पारखायला एकच कॅसेट...

काकूची.

काकू फार गोड गायची. लग्नानंतर काकांनीच तिचं एक गाणं घरी रेकॉर्ड केलं होतं. सुरुवातीला ती श्वास घेते, मग गाऊ लागते. काकांचा सगळा जीव त्या श्वासात.

"श्वास स्वच्छ ऐकू आला ना? मग मशीन पास!" असं म्हणून ते पहिल्या ओळीलाच बटण दाबायचे.

"अहो, त्याच्यापुढेही गायलेय मी," काकू आतून हसत म्हणायची. पण एकदा मला म्हणाली, "तीस वर्षांत यांनी माझं गाणं एकदाही पुरतं ऐकलं नाही गं." तेव्हा ती हसत नव्हती.

त्या रविवारी काकांनी मला बोलावून घेतलं. "आज शेवटपर्यंत ऐकायचंय. एकट्याने धीर होत नाही."

कॅसेट लावली.

श्वास आला. अगदी स्वच्छ.

मग... काहीच नाही.

"अडकली असेल," मी म्हटलं. पण कॅसेटची चक्रं नीट फिरत होती.

आणि मग... पुन्हा श्वास.

मग आणखी एक. नुसते श्वास. गाणं नाहीच.

"गा ना गं," काका पुटपुटले. त्यांचा आवाज इतका केविलवाणा मी कधी ऐकला नव्हता.

मी उठून प्लग काढला. दिवे विझले. चक्रं थांबली.

श्वास थांबला नाही.

आम्ही दोघं अनवाणीच जिन्यात पळालो. बऱ्याच वेळाने मी जीव मुठीत धरून आत गेले. घर गप्प होतं. कॅसेट काढली आणि तडक माझ्या घरी आणली.

आमचा टेपरेकॉर्डर म्हणजे डबडं. एक स्पीकर कधीचा बंद, दुसरा खरखरतो. त्यात कॅसेट घातली...

काकू गायली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आई तर रडायलाच लागली.

मी काकांना फोन केला. ते धावतपळत आले. आम्ही गाणं पुन्हा लावून ठेवलं होतं. त्यांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं...

गाणं थांबलं.

ते बाहेर गेले. गाणं सुरू झालं.

आत आले. पुन्हा बंद.

तीनदा असं झालं. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "राहू दे," ते म्हणाले. "मी बाहेरच बसतो."

नंतर त्यांनी सगळी यंत्रं विकून टाकली. आता दर रविवारी दुपारी येतात आणि आमच्या दाराबाहेर, जिन्याच्या पायरीवर बसतात. मी आत मोठ्याने गाणं लावते. बाहेर त्यांना ते ऐकू येत असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या रविवारी गाणं संपल्यावर मी दार उघडलं. "काका, आज पूर्ण ऐकलंत ना?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"अजून श्वासच घेतेय गं. आधी लांबून यायचा. आज इथे होता..." आणि त्यांनी आपल्या कानाशी हात नेला.

आत येऊन मी कॅसेट उलटी फिरवली आणि सुरुवातीपासून लावली. मग पुन्हा लावली. मग आईला बोलावून लावली.

गाणं एकदम पहिल्या शब्दापासून सुरू होतं. त्याच्या आधीचा श्वास कॅसेटवर नाही.

हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही.