आधी ओठ, मग आवाज

बाबांच्या मानेवरचा पट्टा गरम होतो, एवढीच तक्रार होती. बारकीला त्यात काही अवघड वाटलं नाही. घरात ती अजून बारकीच असली, तरी कंपनीत असल्या पट्ट्यांचं काम तिच्याकडेच होतं.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बाबांची वाचा गेली होती. ओठ हलायचे, घसा थरथरायचा, पण शब्द उमटत नसे. पट्टा ती थरथर टिपायचा, तिचा अर्धामुर्धा अर्थ लावायचा आणि उरलेलं डोकं चालवायचं काम भिंतीवरच्या वायफायच्या डब्याकडे ढकलायचा. डबा वाक्य पुरं करून बाबांच्या जुन्या आवाजात बोलायचा. नाटकाच्या तालमींच्या रेकॉर्डिंगमधून तो आवाज बारकीनेच उभा केला होता. पट्ट्याचं काम जिथे संपतं आणि डब्याचं सुरू होतं, त्या जागेला तिच्या ऑफिसात ‘काप’ म्हणत.

बाबांना ही वाटणी पटली होती. जन्मभर ते नाटकाच्या विंगेत प्रॉम्प्टर म्हणून उभे राहिले आणि अडलेल्या नटाला कधी अर्ध्यापेक्षा जास्त वाक्य दिलं नाही. पुरं दिलं की नट आळशी होतो, असं ते म्हणायचे.

“नाटकंच्या नाटकं पाठ, आणि आणायला सांगितलेली कोथिंबीर तेवढी विसरणार,” आई म्हणायची.

“तूही अर्धंच सांगत जा,” डब्यातून उत्तर यायचं, आणि आईला हसू फुटायचं. झटक्यानंतर ती पहिल्यांदा हसली ती या डब्यामुळेच. ते हसणं टिकावं म्हणून बारकी काहीही करायला तयार होती.

तिने काप अलीकडे सरकवला. पट्ट्याने फक्त थरथर टिपायची, बाकी सगळा भार डब्याने उचलायचा. पट्टा गार पडला. बाबा पूर्वीपेक्षा सफाईने बोलू लागले आणि आईला आभाळ ठेंगणं झालं.

बारकीच्या मनाला मात्र काहीतरी टोचत राहिलं. आधी ओठ, मग आवाज, हा क्रम तिच्या नजरेत बसलेला होता. मधला वेळ दिवसेंदिवस कमी होत चालला होता. डबा शिकतोय, दुसरं काय, अशी ती स्वतःची समजूत घालत होती. मग एका सकाळी चहा पिताना आवाज आला, “साखर कमी आहे.” कप बाबांच्या तोंडाला होता. कप खाली ठेवल्यावर त्यांचे ओठ हलले. साखर कमी आहे.

“आई, बघितलंस?”

“बघायचं काय त्यात? कमीच घातलीय. डॉक्टरांनी सांगितलंय.”

त्या दिवशी बारकी कामावर गेली नाही. बाबांसमोर खुर्ची ओढून ती बसून राहिली, उठली, पुन्हा बसली. बोलण्याआधी बाबा डब्याकडे बघत होते. संवाद विसरलेला नट विंगेकडे बघतो, तसे.

“बाबा, काय म्हणायचंय ते आधी मनात आणा. घाई नाही.”

“आणलंय की,” डबा म्हणाला. मग ओठ हलले.

तिने त्यांच्या मानेवरचा पट्टा सोडवला, बंद केला आणि खिशात टाकला. आता डब्यापर्यंत काही पोचायला वावच नव्हता.

“खिडकी लाव गं, वारा येतोय.”

आवाज डब्यातून आला. बाबांचे ओठ मागून आले.

तिने डब्याचा प्लग उपटला. डब्यावरचा दिवा विझला.

“डबा का बंद केलास?” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “बोलू दे की त्यांना.”

“त्यांचं त्यांना बोलू दे, आई.”

बाबा विझलेल्या डब्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश मान वळवली आणि बारकीकडे बघितलं.

विंगेकडे बघणाऱ्या नटाची तीच नजर.

“बोला ना, बाबा.”

ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

बारकीच्या घशात थरथर झाली. खोकला असेल, असं तिला वाटलं.

“रुसलीस होय, लवंगी?” ती म्हणाली.

बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. त्यांचे ओठ हलले. रुसलीस होय, लवंगी?

आई ओले हात तसेच घेऊन दारात आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“हे नाव तुला कुणी सांगितलं? दार लावल्याशिवाय त्यांनी मला या नावाने कधी हाक मारली नाही.”

बारकीला ते नाव माहीतच नव्हतं. ‘कुणीच नाही’ असं सांगायला तिने तोंड उघडलं.

“अगं, मी—”

पुढचे शब्द तिचे नव्हते. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

समोर बाबांचे ओठ हलले. अगं, मी. आणि तसेच उघडे राहिले, पुढच्या शब्दाची वाट बघत.