भिंतीपलीकडचा ग्राइंडर

शांभवीने वैतागून हेडफोन काढला आणि भिरकावला... तो मात्र बेताने, उशीवरच. मोडला तर नवा कोण देणार!

गेले कित्येक रविवार तिच्या इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजात एक घूंऽऽ यायची. केबल बदलून झाली, प्लग बदलून झाला. आज हेडफोन काढल्यावरही तीच घूंऽऽ कानावर आली – भिंतीपलीकडून. ती थांबल्यावर तिने हेडफोन पुन्हा कानाला लावला, तर गिटारमधलीही थांबलेली!

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत दोन घरांना भिंत एकच, विजेची तारही एकच. शांभवी तरातरा शेजारी गेली. सीतालक्ष्मी मामींना गोड बोलून पटवायचं, असं तिने ठरवलं होतं. पण दार उघडलं ते एका उंच तरुणाने. कोपरापर्यंत इडलीच्या पिठाने माखलेला.

"ग्राइंडर... जरा बंद ठेवाल का?"

"का? तुमच्या घरी इडली खात नाहीत?"

"खातात! पण माझ्या गिटारमध्ये तुमचा ग्राइंडर वाजतोय."

तो इतका मोकळेपणाने हसला, की ती भांडायचंच विसरली. हा मामींचा मुलगा विघ्नेश. जवळच्या ओरत्तनाडू गावच्या सरकारी कचेरीत नुकतीच बदली झालेली. मामींचा हात फ्रॅक्चर झाल्यापासून रविवारचं पीठ वाटायचं काम त्याच्याकडे होतं.

"आज संध्याकाळपर्यंत चेन्नईच्या स्टुडिओला रेकॉर्डिंग पाठवायचंय," ती म्हणाली. "त्यांना गिटारवाला हवाय. जमलं तर जमलं. नाहीतर अप्पा बी.एड.ला घालणार."

"सरी, ठीक आहे. ग्राइंडर बंद. पण कशासाठी बंद केला ते ऐकायला मिळालं पाहिजे."

तो हात धुऊन आला. शांभवीच्या खोलीत अम्माचं कपाट सताड उघडं होतं. रेशमी पट्टुसाड्यांमध्ये आवाज घुमत नाही, म्हणून अँप्लिफायर त्या कपाटासमोर मांडलेला. डांबरगोळ्यांचा वास, आणि त्यात आता इडलीच्या पिठाचाही. तिने रेकॉर्ड केलेलं वाजवून दाखवलं.

"डास," विघ्नेश म्हणाला.

"काय?"

"डब्यात अडकलेला. रागावलेला."

"मोठे आले संगीतातले!"

"मला त्यातलं अस्की शून्य, काहीसुद्धा कळत नाही. पण सांबारात हिंग किती घालायचा ते कळतं." त्याने अँप्लिफायरच्या एका बटणाकडे बोट दाखवलं. आवाज खरखरीत करायचं ते बटण तिने शेवटपर्यंत पिळलेलं होतं. "एवढं लागतं?"

शांभवीने बटणावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "खरखर जास्त असली की... चुका लपतात."

आजवर हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ह्या पीठवाल्याला का सांगितलं, देव जाणे.

"लपवून वाजवलंत, तर तुम्हीही लपणार ना?" तो म्हणाला. यावेळी हसला नाही.

तिने बटण मागे फिरवलं. गिटार एकदम उघडी पडली – प्रत्येक तार, बोटाची प्रत्येक सरकण. तिचे कान तापले. माइक स्पीकरच्या मधोमध होता, त्यामुळे आवाज अजून टोचत होता. विघ्नेश साड्यांसमोर उकिडवा बसला आणि माइक बोटभर बोटभर कडेला सरकवू लागला.

"इथे?"

"अजून..."

"इथे?"

"थांबा! हलू नका!"

आवाज गोल झाला, ऊबदार झाला. तो खरंच हलला नाही. अवघडलेला, श्वास रोखलेला, नजर मात्र तिच्या बोटांवर... आणि मग बोटांवरच नाही. शांभवी एका जागी चुकली, तरी थांबली नाही. पुढे वाजवत गेली. तीच धून तिने दुसऱ्यांदा वाजवली आणि रेकॉर्डिंगमध्ये एक डाव्या कानाला ठेवली, एक उजव्या. दोन्ही थोड्या वेगळ्या, म्हणूनच एकत्र भरदार.

चुकीसकट तिने ते पाठवून दिलं.

त्यानंतर विघ्नेश दर रविवारी "ऐकायला" यायचा. अप्पा पेपरामागून खोकायचे. अम्मा न विचारता दोन कॉफ्या ठेवायची.

चेन्नईचं उत्तर आलं तेव्हा तो दारातच होता. "आवाजात माणूस ऐकू येतो. पुढच्या महिन्यापासून या," असं लिहिलं होतं. शांभवीने ते मोठ्याने वाचलं, आणि शेवटाला तिचाच आवाज बारीक झाला.

"जाणार ना?" त्याने विचारलं.

"जाणारच."

"जायलाच हवं." तो चपलेकडे बघत होता. "मी... शनिवारची बस धरून आलो तर? म्हणजे, तिथे ओळखीचं कुणी नसेल तुमचं... म्हणजे, तुमची हरकत नसेल तर..."

"विघ्नेश," ती म्हणाली, "हे खरखरीत नको. स्वच्छ सांग."

त्याने मान वर केली. कान लालभडक.

"तू मला आवडतेस. फार."

घरात पेपरची फडफड थांबली. शांभवीने एकदा मागे पाहिलं आणि ओठ दाबून हसली.

"मग आत ये. अप्पा ऐकताहेत, त्यांनाही सांगून टाकू."