केसभर जागा

माझ्या धाकट्या बहिणीचं, केल्सोमचं, लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट.

ती मी कोणाकडून ऐकलेली नाही. ती माझ्या हातून घडली आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी मात्र यात एक शब्दही रचलेला नाही.

तेरेंगानूच्या किनाऱ्यावर, मारांग गावाच्या दक्षिणेला, आमचं मासेमारांचं गाव. मी केरिसची म्यानं करतो. लोहार वळणदार पात्याची कट्यार घडवतो, मी तिला घर करून देतो. वडीलही हेच करायचे. त्यांनी मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती.

"ताइब, पातं म्यानात आवळून बसवू नकोस. केसभर जागा ठेव. जुन्या पात्याला कधीतरी बोलायचं असतं."

लग्नाच्या महिनाभर आधी नवऱ्या मुलाचे वडील, पाक जुसोह, माझ्या पडवीत आले. वडीलधाऱ्यांना आम्ही पाक म्हणतो. पिवळ्या कापडात गुंडाळलेली केरिस त्यांनी माझ्या दोन्ही हातांवर ठेवली. देरामान, त्यांचा मुलगा, लग्नात ती कमरेला लावणार होता. जुनं म्यान वाळवीनं खाल्लं होतं.

"सांभाळून हाताळ हं. आमच्या घरात हीच सगळ्यात मोठी."

"तुमच्यापेक्षाही, पाक?"

"माझं तर बायकोसुद्धा ऐकत नाही. हिचं सगळे ऐकतात."

ते हसण्यावारी बोलले, पण खोटं नव्हतं. लढाईत जपानी फौज किनाऱ्यावर उतरली त्याच्या आदल्या दिवशी ही केरिस म्यानात वाजली होती. मोठ्या पुराआधी वाजली होती. ती वाजली की त्या घरातलं कोणी होडी पाण्यात ढकलत नसे. ठरलेलं कार्यही मोडत असत.

मी पातं लिंबाच्या रसानं आणि सोमलानं धुतलं. काळ्या लोखंडातून हळूहळू नक्षी वर आली... सांडलेल्या तांदळाची.

पाच वळणं. मुठीपासून टोकापर्यंत बारीक पांढरे दाणे. एक दाणा दुसऱ्याला चिकटलेला नाही, कुठे गर्दी नाही, कुठे मोकळं नाही. किती पदर एकावर एक ठोकून, दुमडून, पुन्हा ठोकून त्या लोहारानं ते साधलं असेल, अल्लाला ठाऊक. कोणीतरी आत्ताच मूठ उघडून तांदूळ सोडलेत असं वाटायचं. मी हातातलं काम ठेवून बघत बसायचो.

म्यान कुंतीच्या लाकडाचं केलं. मधासारखं पिवळं. आत केसभर जागा ठेवली.

लग्नाला दोन दिवस उरले होते. दुपारची नमाज आटोपून मी पडवीत आलो. वारा नव्हता. कोंबड्यासुद्धा घराखाली निपचित पडल्या होत्या.

ठक.

मी मागे वळलो. कोणी नव्हतं.

ठक... ठक...

आवाज फळीवरून येत होता. केरिस एकटी पडली होती. मी म्यानावर हात ठेवला. आतून कोणीतरी बोटाच्या पेरानं वाजवावं, तसं ते माझ्या तळव्याला लागलं.

ठक.

आतल्या खोलीत बायका केल्सोमच्या हातांना मेंदी लावत होत्या. तिचं हसणं ऐकू येत होतं. तिची आधीची सोयरीक मोडली होती. आई अंथरुणाला खिळलेली, रोज म्हणायची, "हिचं एकदा होऊ दे, मग मी जायला मोकळी." जेवणावळीसाठी रेडा आणून बांधला होता. मी पाक जुसोहना सांगितलं असतं, तर लग्न त्याच दुपारी थांबलं असतं. आणि पुन्हा कधी झालंच नसतं.

पातं सैल आहे, दुसरं काय... असं मी स्वतःला सांगितलं.

मग मी मेण तापवलं. त्यात राळ मिसळली. म्यानाच्या तोंडाशी आतून अंगठ्यानं दाबून दाबून बसवली. केसभर जागा बुजवली.

आवाज थांबला.

लग्नात पाक जुसोहनी केरिस कानाशी नेऊन हलवली.

"काहीच बोलत नाही रे ही!"

"नवं म्यान आहे ना, पाक," मी म्हणालो.

"म्हातारी गप्प बसली, म्हणजे सून पसंत पडली!"

मांडवभर हशा पिकला. केल्सोमही मान खाली घालून हसली. मीसुद्धा हसलो.

नोव्हेंबर आला. नोव्हेंबरात आमच्याकडे पावसाळा लागतो, समुद्र बंद होतो. होड्या वर ओढून ठेवतात. त्याआधी एक शेवटची फेरी मारायची, असं देरामानच्या मनात होतं. केल्सोम सकाळीच माझ्याकडे भात घेऊन आली. मला ती आबांग, म्हणजे दादा, म्हणायची.

"आबांग, हे आज जायचं म्हणतात. मला नको वाटतंय."

"मग नको म्हण."

"म्हटलं. तर तुमच्या पाक जुसोहनी केरिस कानाला लावली. म्हणाले, गप्प आहे, जाऊ दे. आता त्यांच्यापुढे मी काय बोलणार? थोरल्या भावानं म्यान केलंय, आणि धाकटी बहीण शंका घेते!" ती हसली आणि गेली.

मी भात तसाच झाकून ठेवला.

ती गेली, आणि...

ठक.

केरिस तर त्यांच्या घरी होती. भिंतीवर. माझ्या पडवीत एकही पातं नव्हतं.

ठक... ठक... ठक...

कोपऱ्यात कुंतीच्या लाकडाचा एक तुकडा पडला होता. त्याच ओंडक्याचा, ज्यातून मी ते म्यान काढलं होतं. भरीव, वीतभर तुकडा. आत पोकळी नाही, काही नाही.

तो वाजत होता.

मी उठलो आणि किनाऱ्याकडे धावलो.

होडी अजून वाळूत होती. मी वेळेवर पोचलो होतो, हे नीट वाचा. देरामान आणि त्याचे दोन सोबती होडीला खांदा लावून उभे होते. शेजारी पाक जुसोह. आजूबाजूला निम्मं गाव.

"काय झालं, आबांग? कुत्रं मागे लागलं की काय?" देरामान हसत म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघू लागले.

एकच वाक्य होतं. मी त्या केरिसचं तोंड बंद केलंय. एवढंच म्हणायचं होतं. पण मग पाक जुसोहनी सर्वांसमोर विचारलं असतं, कधी? मी सांगायला हवं होतं, लग्नाआधी.

"काही नाही," मी म्हणालो. "मोठा मासा मिळाला तर आमचा वाटा ठेव."

"डोकं तुमचं, बाकी आमचं!"

होडी पाण्यात गेली. त्या होडीला हातभार लावायला मीही वाकलो होतो.

संध्याकाळी वारा फिरला. तिसऱ्या दिवशी दोघं सोबती फळीला धरून बेटावर सापडले. देरामान सापडला नाही.

सात दिवसांची दुआ झाली. आठव्या दिवशी दुपारी केल्सोम केरिस घेऊन आली. पांढऱ्या ओढणीत तिचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"बाहेर निघत नाही, आबांग. त्यांच्या वडिलांनी खूप ओढली."

मीही ओढली. निघेना. शेवटी म्यानाच्या सांध्यात पटाशी घालून ते दोन भागांत उघडलं.

आधी लाकडाचा भुगा पडला. ओंजळभर.

कुंतीचं लाकूड कडक असतं. माझी पटाशी त्यावर दर तासाला बोथट व्हायची. ते आतून कुटल्यासारखं झालं होतं... टोकापासून वर, हजारदा आपटल्यासारखं. फक्त तोंडाशी माझं मेण जसंच्या तसं होतं.

मग मी पातं उजेडात धरलं.

टोकाकडचा भाग काळा होता. कोरा. एक दाणा नाही. सगळे तांदूळ मुठीशी, जिथे मेण होतं तिथे, जमले होते. एकावर एक, दाटीनं... बंद दारापाशी माणसं जमावीत तसे.

लोखंडातली नक्षी हलत नाही. ती रंगवलेली नसते, धातूच्या पदरांतच असते. मी या धंद्यात जन्म काढला आहे.

"आधी असंच होतं का?" केल्सोमनं विचारलं.

"असंच होतं," मी म्हणालो.

मेणाचा एक गोळा तिच्या पायाशी पडला होता. तिनं तो उचलला.

"आणि हे?"

"म्यान घट्ट बसावं म्हणून घालतात."

"सगळ्या म्यानांना?"

मी पटाशी पुसायला घेतली. बऱ्याच वेळानं मान वर केली, तेव्हा ती निघून गेली होती. मेणही दिसलं नाही.

तिनं पुन्हा लग्न केलं नाही. पुढे गावात मोठ्यांसाठी लिहायवाचायचा वर्ग निघाला, तिथे ती शिकली, आणि मग मला तिनंच शिकवलं. माझं बोट धरून अक्षरं गिरवून घेतली. पन्नास वर्षं ती रोज माझ्या घरी येत होती. पन्नास वर्षं मी रोज ठरवत होतो की आज सांगायचं.

पाक जुसोहनी ती केरिस परत नेली नाही. मी तिला दुसरं म्यान केलं. केसभर नाही, चांगली दोन केस जागा ठेवली. रोज दुपारी कानाशी धरतो.

ती कधीच वाजली नाही. माझी आई गेली, बायको गेली. नाही वाजली. सांगण्यासारखं काही नसतं म्हणून, की मला सांगायचं नाही म्हणून, ते मला कळत नाही.

केल्सोम आजारी पडली तेव्हा मी रात्रंदिवस ती उशाशी ठेवली होती. गप्प.

तिच्या मागे तिची पेटी मी उघडली. तळाशी लग्नातलं पिवळं कापड होतं. त्यात काहीतरी गुंडाळलेलं. कडक झालेलं मेण. राळ मिसळलेलं. त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा अजून स्पष्ट होता.

मी तो अंगठा त्यावर ठेवून बघितला.

देरामान बिन जुसोह १९६३ सालच्या नोव्हेंबरात समुद्रात गेला. त्याचं प्रेत मिळालं नाही. माझी बहीण केल्सोम ११ फेब्रुवारी २०१४ रोजी, दुपारच्या नमाजेनंतर, वारली. मी तिला काही सांगितलं नव्हतं.